पडद्यापलीकडची खुर्ची

आपल्या मंडळाच्या चिटणीस बाई मोठ्या हुशार आहेत. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला त्या घरी आल्या, तेव्हा मी नेहमीप्रमाणे "मला कुठले लिहिता येते!" असे म्हणून सुटका करून घेऊ लागले. त्यावर त्या म्हणाल्या, "मागे हळदीकुंकवाला तुम्ही विमानातल्या वरच्या वर्गाची हकीकत सांगितलीत, तीच लिहून द्या. बायका अजून आठवून हसतात." हकीकत दहा ओळींची. तेवढ्याने स्मरणिकेचे पान भरत नाही, हे मी जाणून होते. पण लिहायला बसले आणि मनात आले, की विमानात हे वरचे नि खालचे वर्ग आणले कुणी? एखाद्याला जादा पैसे न घेता खालून वर नेऊन बसवतात ते का? आणि ते भाग्य नेमके कुणाच्या वाट्याला येते? मग चार पुस्तके चाळली, भाच्याकडून काही माहिती काढून घेतली, आणि दहा ओळींचा हा एवढा लांबलचक लेख झाला. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

आधी हकीकत. २०१२ सालच्या हिवाळ्यात माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण अमेरिकेत व्हायचे होते. मी त्याआधी दोनदा तिच्याकडे जाऊन आले होते; विहीणबाई मात्र पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या. घरे दोघींचीही याच गावात, त्यांचे सिडकोत नि माझे औरंगपुऱ्यात. तेव्हा दोघींनी बरोबरच जावे असे ठरले. सामानात डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, बाळंतशोपा, दुपटी, कुंची, असा सारा बाळंतविडा. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, सहारच्या विमानतळावर सगळ्या तपासण्या पार पाडल्या आणि विमानाच्या दारापाशी रांगेत उभ्या राहिलो. तिथल्या मुलीने माझा पास यंत्राखाली धरला. यंत्र किंचाळले आणि लाल दिवा लागला. मला वाटले, लाडू पकडले गेले!

मुलीने माझा पास काढून घेतला, दुसरा छापून हातात ठेवला आणि हसून म्हणाली, "आजी, तुम्हाला अपग्रेड केलंय. पुढच्या वर्गात बसायचं. पैसे नाही पडणार."

आता माझी अडचण लक्षात घ्या. बरोबर विहीणबाई, म्हणजे मुलाची आई. लग्नात त्यांच्या मानपानात काही उणे पडू नये म्हणून मी किती रात्री जागून काढल्या होत्या! आणि आता मुलीची आई पुढे गादीवर अन् मुलाची आई मागे दाटीवाटीत! मी घाईघाईने म्हटले, "अगं, ही जागा यांना दे. या माझ्या विहीणबाई, मुलाकडच्या." ती मुलगी मराठीच होती. म्हणाली, "आजी, विमानाला मुलाकडचे नि मुलीकडचे कळत नाही हो. पास नावावर निघतो." विहीणबाई म्हणाल्या, "जा हो तुम्ही. माझं काय, मी बसेन कुठेही."

"मी बसेन कुठेही" या वाक्याचा अर्थ मंडळाच्या भगिनींना समजावून सांगायला नको. निदान मला तेव्हा तरी तो कळला असे वाटले. तो मला कळलाच नव्हता. पण ते पुढे येईल.

आता इतिहासाकडे वळते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६२-६३ च्या सुमारास, वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून चिकलठाण्याला विमान दाखवायला घेऊन गेले होते. मुंबईहून डाकोटा जातीचे विमान येई आणि अजिंठा-वेरूळ पाहायला निघालेले परदेशी पाहुणे त्यातून उतरत. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे. डाकोटाचे रूप मोठे गमतीचे. शेपूट जमिनीला टेकलेली आणि तोंड आभाळाकडे, जशी एखादी गाय मागचे पाय दुमडून बसली आहे. दार मागच्या अंगाला. त्यामुळे आत शिरल्यावर पुढच्या खुर्चीपर्यंत जायचे म्हणजे चक्क चढण चढून जावे लागे. वरची जागा म्हणजे तेव्हा खरोखरच वरची जागा होती! पण भाडे मात्र पुढच्याला नि मागच्याला एकच. विमानातला हवेचा दाब आजच्यासारखा राखलेला नसे. कान दुखू नयेत म्हणून उतारूंना पेपरमिंटच्या गोळ्या नि कापसाचे बोळे देत. ते पुढे बसणाऱ्यालाही नि मागे बसणाऱ्यालाही.

त्याही आधीची गोष्ट पाहावी तर वर्ग सोडाच, खुर्चीचाही पत्ता नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एक लहानसे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरवले. त्यात होते टपाल. पुढे तेथून नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्याने ते टपाल मद्रासकडे नेले. या सेवेने पहिल्या वर्षभरात १५५ उतारूही नेले, पण ते टपालाच्या सोयीने. कधीकधी उतारूला थैल्यांवरच बैठक मारावी लागे. टपालाला पहिला मान, माणसाला दुसरा.

मोठ्या प्रवासाची गोष्ट वेगळी. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले नि कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोहोचले. भाडे होते १७२० रुपये. तेव्हा सोने तोळ्याला शंभराच्या थोडे वर होते. म्हणजे एकदा लंडनला जायचे तर पंधरा तोळे मोडायची तयारी हवी. साहजिकच त्यात जे बसत ते राजेरजवाडे, मोठे व्यापारी नि सरकारी अधिकारी. खालच्या वर्गाचा प्रश्नच नव्हता, कारण खालच्या माणसांचाच प्रश्न नव्हता. ती माणसे धावपट्टीवर झाडू मारीत होती किंवा आमच्यासारखी कुंपणाबाहेर उभी होती.

इथे मला एक मौज दिसली. आगगाडीत वर्ग पहिल्यापासून होते. आमच्या गावात निजामाच्या काळापासून मनमाडहून लहान रुळांची गाडी येई. मुंबईला जायचे तर मनमाडला गाठोडी उचलून गाडी बदलावी लागे, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्याकडे धावावे लागे. 'तिसरा वर्ग' हे नाव १९७४ साली गेले. लाकडी बाक बरेच दिवस राहिले. विमानाचे मात्र उलट झाले. तिथे आधी वरचा वर्ग होता आणि खालचा नंतर जन्मला. १९५२ साली अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' नावाचा स्वस्त वर्ग सुरू झाला आणि १९५८ साली त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' आला. खुर्च्या जवळ जवळ आणल्या, खाणे कमी केले, भाडे उतरवले आणि मधे एक पडदा टांगला. तो पडदा लागला त्या दिवशी पुढची खुर्ची 'वरची' झाली. त्याआधी ती नुसती पुढची होती.

खाण्यावरून तर एक मजेदार भांडण झाले. विमान कंपन्यांच्या जागतिक संघाने असा नियम केला होता, की इकॉनॉमीच्या उतारूला गरम जेवण द्यायचे नाही, साधे सँडविच द्यायचे. युरोपातल्या काही कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली पावाच्या एका चकतीवर असे काही पदार्थ रचले, की पाव शोधूनही सापडू नये. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने तक्रार केली आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला! पंगतीत खालच्या ओळीला एक मूद जास्त वाढली म्हणून वाढपिणीला दंड करावा, तसाच हा प्रकार. गरिबाचे ताट फार चांगले दिसले तर श्रीमंताच्या ताटाला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही भीती त्यामागे होती. ही भीती लक्षात ठेवावी. विमानातला पुष्कळसा इतिहास त्यातून उलगडतो.

पुढे १९७० च्या दशकात स्वस्त तिकिटांचे पेव फुटले. तेव्हा पूर्ण भाडे भरून कामाला जाणारे व्यापारी कुरकुर करू लागले, की आम्ही एवढे पैसे मोजतो नि शेजारी सुट्टीला निघालेले कुटुंब अर्ध्या भाड्यात बसते. त्यांच्या समाधानासाठी दोन्हींच्या मधला 'बिझनेस' वर्ग निघाला. ब्रिटिश एअरवेजने १९७८ साली 'क्लब' नावाने नि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ साली 'बिझनेस' नावाने तो काढला. त्याच १९७८ साली अमेरिकेत भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, कंपन्यांची चढाओढ लागली, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने एक युक्ती केली. जितका प्रवास कराल तितके मैल तुमच्या नावावर जमा. पुरेसे जमले की वरचा वर्ग नाहीतर फुकट तिकीट. आपल्याकडे वाणी चहाच्या पुड्यावर कुपन देतो नि दहा कुपनांवर स्टीलची वाटी मिळते, तेच हे. फक्त वाटी फार मोठी.

आपल्या देशात १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ कंपन्या मिळून देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स झाली. चाळीस वर्षे आपल्या गावाने मुख्यतः तीच पाहिली. १९९३ नंतर जेटसारख्या खाजगी कंपन्या आल्या. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढून वर्गाची भानगडच मिटवली. सगळ्या जागा सारख्या नि पाणीसुद्धा विकत. आगगाडीनेही २००६ पासून आपोआप वरच्या वर्गात नेण्याची सोय केली आहे. तिकीट काढताना त्या चौकोनात खूण करायला आपण विसरतो, एवढेच.

आता मूळ प्रश्न. फुकट का बसवतात? मी समजत होते, की वय पाहून, नऊवारी पाहून, किंवा चेहऱ्यावरची सात्त्विकता पाहून. तसे काही नाही. विमान कंपनीला अनुभवाने ठाऊक असते, की तिकीट काढलेले सगळेच येत नाहीत. म्हणून ती जागांपेक्षा जास्त तिकिटे विकते. लग्नात आपण पाचशे आमंत्रणे देतो नि चारशे पाने मांडतो, तसेच. पण एखाद्या दिवशी सगळेच आले, तर? पुढच्या वर्गात चार खुर्च्या रिकाम्या असल्या, तर मागचे चार उतारू पुढे सरकवतात आणि मागे चार जागा मोकळ्या करतात. म्हणजे हा मान उतारूचा नसून त्याच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीचा असतो! कुणाला सरकवायचे ते यंत्र ठरवते. ज्यांचे मैल जास्त ते आधी, ज्यांचे तिकीट महाग ते त्यांच्यानंतर, एकेकटे उतारू कुटुंबांच्या आधी. माझे आधीच्या दोन फेऱ्यांचे मैल मुलीने त्या कंपनीच्या वहीत माझ्या नावावर लावून ठेवले होते. विहीणबाईंची पहिलीच खेप, शिवाय आमची तिकिटे वेगवेगळ्या दिवशी काढलेली. त्यामुळे यंत्राच्या लेखी आम्ही दोघी एकमेकींच्या कुणी नव्हतो. एवढेच कारण. हे मी विहीणबाईंना नंतर समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या लेकीनं केलं." मी गप्प बसले.

पुढच्या खुर्च्याही रिकाम्या नसल्या, तर? तर कुणाला तरी खाली ठेवतात. मलाही एकदा दिल्लीहून येताना "विमान भरले" म्हणून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले होते. कंपनीचे नाव घेत नाही. मला वाटले, आपलेच काही चुकले. हातातले तिकीट खरे असूनही अपराध्यासारखी बसून राहिले. १९७२ साली अमेरिकेत राल्फ नेडर नावाच्या गृहस्थांना असेच खाली ठेवले. हे गृहस्थ ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे! ते थेट कोर्टात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९७६ साली न्यायालयाने सांगितले, की जास्त तिकिटे विकल्याचे उतारूपासून लपवले म्हणून कंपनीवर दावा लावता येईल. त्या सुमारास ज्युलियन सायमन नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ सांगत होते, की जबरदस्तीने कुणाला उतरवण्याऐवजी "कोण किती पैशांत आपखुशीने मागे राहतो?" असे विचारा. आधी लोक हसले. १९७८ पासून अमेरिकेत तोच रिवाज झाला.

आपल्याकडेही नियम आहे, आणि तो भगिनींनी पदराला गाठ मारून ठेवावा. आधी राजीखुशीने थांबणारे कोण ते विचारायला हवे. तरीही कुणाला खाली ठेवले आणि तासाभरात निघणाऱ्या दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाई द्यावी लागते. २०१६ साली सुधारलेल्या नियमाप्रमाणे, दुसरे विमान चोवीस तासांच्या आत मिळाले तर मूळ भाडे नि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. आणि वरच्या वर्गाचे पैसे घेऊन खालच्या वर्गात बसवले, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशातल्या प्रवासाला करांसह तिकिटाची ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेशच्या प्रवासाला अंतर पाहून ३० ते ७५ टक्के. वर बसवल्याचे पैसे नाहीत, खाली बसवल्याचे मात्र आहेत, हे बरेच झाले.

आता पुन्हा माझ्या विमानात या. मी पडद्यापलीकडे गेले. खुर्ची कसली, पलंगच! कळ दाबली की पाय वर, दुसरी दाबली की पाठ खाली. गरम ओला रुमाल चिमट्याने आणून दिला, तेव्हा मी तो पाहुणचाराचा पदार्थ समजून क्षणभर बशी शोधली. वाढायला आलेली हवाई सुंदरी साठीच्या घरातली होती. केस पिकलेले, चष्मा लावलेला, चालणे खणखणीत. मला फार बरे वाटले. कारण आपल्या देशात या मुलींना काय काय सोसावे लागले, ते मी नुकतेच वाचले होते. एअर इंडियात त्यांना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. वरिष्ठांनी कृपा केली तरच मुदत वाढे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले की नोकरी गेली. पहिले गरोदरपण आले की नोकरी गेली. नर्गेश मिर्झा यांच्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा तो नियम रद्द केला आणि मुदत वाढवणे वरिष्ठांच्या मर्जीवर ठेवणेही गैर ठरवले. लग्नाचा नियम मात्र कायम ठेवला. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या मला ते आठवले नि हातातला घास क्षणभर थांबला.

या वरच्या वर्गाच्याही पुढे आणखी एक जागा असते. तिला पडदा नसतो, दार असते, आणि ती जागा कोणतेही यंत्र कुणाला फुकट देत नाही. भारतात १९३२ साली उर्मिला पारीख यांना विमान चालवण्याचा परवाना मिळाला. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान उडवले. पण हौसेने उडवणे वेगळे नि उतारूंना घेऊन जाणे वेगळे. प्रेम माथूर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला आणि एकामागून एक कंपन्यांकडे अर्ज केले. बाई विमान चालवते म्हटल्यावर उतारू बसणार नाहीत, असे उत्तर येई. अखेर त्यांना घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. ही कंपनी निजाम सरकार नि टाटा यांनी मिळून १९४५ साली काढलेली. एअर डेक्कनचा तिच्याशी संबंध नाही, नावाचे साम्य तेवढे. आपले गाव तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते, म्हणून मला त्याचा उगीचच अभिमान वाटतो. प्रेमबाईंनी १९४९ साली राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. तरीही त्या डेक्कनमध्ये सहवैमानिकच राहिल्या.

नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर फ्रेंडशिप विमान नेले. दोन्ही खुर्च्यांवर बायका, असे इंडियन एअरलाइन्सचे ते पहिले उड्डाण. आणि १ जानेवारी १९९० रोजी निवेदिता भसीन अवघ्या सव्वीसाव्या वर्षी जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या; एवढ्या लहान वयात जेटचे नेतृत्व करणारी बाई तोवर जगात कुठल्याही नागरी विमानात झाली नव्हती. मार्ग कोणता? मुंबई–औरंगाबाद–उदयपूर! हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून पुसला नि पुन्हा वाचले. ते विमान आपल्या चिकलठाण्यालाच उतरले होते. मी त्या वेळी गच्चीवर धुणे वाळत घालत असेन. वर पाहिलेही नसेल. आज आपल्या देशात वैमानिकांपैकी सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त.

त्याच मार्गाची दुसरी आठवण मात्र गावाने विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. २६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग दुपारी एकच्या सुमारास इथून मुंबईला निघाले. धावपट्टीच्या टोकाजवळून बीडचा रस्ता जातो. त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमान पुरेसे उचलले गेले नव्हते. त्याचे चाक नि इंजिन ट्रकला लागले, पुढे विजेच्या उच्चदाबाच्या तारांना अडकून ते कोसळले आणि पेटले. ११८ जणांपैकी ५५ गेले. विमान उशिरा उचलले गेले, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती, असे चौकशीत निघाले. आम्ही त्या दिवशी कुरडया घातल्या होत्या. पूर्वेकडे काळा धूर चढताना दिसला. कुरडया तशाच राहिल्या.

हे मी इथे का सांगते आहे, ते आता लिहिते. विमानात मध्यरात्र झाली. सगळे दिवे मंद झाले. पलंगासारख्या खुर्चीवर मला झोप येईना. वाटले, विहीणबाईंना तो सपातांचा जोड नि चॉकलेट तरी द्यावे. मानपानाची तेवढीच भरपाई. पडदा सारून मागे गेले. त्या मधल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, जपमाळ हातात, डोळे उघडे, समोरचे जेवण तसेच. मी म्हटले, "रागावलात का?" त्या म्हणाल्या, "रागवायचं काय त्यात! अहो, त्र्याण्णव साली आमच्या गच्चीवरून सगळं दिसलं होतं. त्यानंतर मी विमानाकडे मान वर करून पाहिलं नाही. सुनेसाठी म्हणून निघाले. विमान वर चढताना तुमचा हात धरायचा असं ठरवलं होतं, बघा."

मी तिथेच मधल्या वाटेत उभी राहिले. मला वाटत होते प्रश्न मानाचा आहे. आणि त्यांना हवा होता नुसता हात.

त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगा अवघडून झोपला होता, गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले. मी त्या पिकल्या केसांच्या हवाई सुंदरीला मोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले, लग्न, मुलाकडच्या, १९९३, सगळे. तिने आधी मान हलवली; नियमात बसत नाही म्हणाली. मग विहीणबाईंच्या हातातल्या जपमाळेकडे पाहिले, नि मुलाला हलकेच उठवून पुढे घेऊन गेली. तो बिचारा झोपेत चालत होता. आपल्याला कुठे नि का नेत आहेत, हे त्याला अजूनही उमगले नसेल. मी त्याच्या खुर्चीत बसले. गुडघे माझेही टेकले. उरलेली रात्र आम्ही थंड जेवण चिवडत, बाळाची नावे काढत घालवली, आणि सकाळी विमान उतरू लागले तेव्हा त्यांनी माझा हात असा धरला, की बांगडी वाढवली. बांगडीचे मला काही वाटले नाही. लाडू मात्र शेवटपर्यंत कुणी पकडले नाहीत.

नात आता शाळेत जाते. येत्या सुट्टीत आम्ही दोघी पुन्हा निघणार आहोत. विहीणबाईंच्या नावावरही एव्हाना चांगले मैल जमले आहेत. ते काम त्यांच्या सुनेनेच, म्हणजे माझ्या मुलीने, केले. परवा तिकिटे आली तेव्हा मी म्हटले, "आता लाल दिवा लागला तर आपण दोघीही नको म्हणू." त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणा नको. माझ्या पासावर लागला, तर मी जाणार आहे. चढताना डोळे मिटून घेईन; पण ती पसरती खुर्ची मला एकदा बघायचीच आहे."